बांधकामाच्या जागेवर वृक्षछत्राची अट: मोजणीपासून लागवडीपर्यंत

बांधकाम मंजुरीतली वृक्षछत्राची अट, म्हणजे जागेची ठरावीक टक्के जमीन झाडांनी झाकली गेली पाहिजे ही अट, बहुतेक प्रकल्पांत सर्वांत शेवटी आठवते. इमारत, रस्ते, पार्किंग, टाक्या, ड्रेनेज असं सगळं नकाशावर बसतं आणि मग उरलेल्या फटींत हिरवे गोल टाकले जातात. टक्केवारी जुळते, मंजुरी मिळते. पाच-सात वर्षांनी त्या गोलांच्या जागी एक तर वाळकी काठी असते, नाही तर लावलं तेव्हा होतं तेवढंच झाड. कागदावरच्या छत्राला खाली माती ठेवायची राहून गेलेली असते. म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे: आधी उभ्या झाडांची मुळं, मग नव्या झाडांची माती, आणि या दोघांनी आपापली जागा धरल्यावर इमारतीची रेघ.

अट नेमकी काय मागते

छत्र म्हणजे वरून सरळ खाली पाहिलं तर फांद्या-पानांनी झाकलेली जमीन, चौरस मीटरमध्ये. 'इतकी झाडं लावा' ही अट वेगळी आणि 'इतकी जमीन झाकली जाऊ द्या' ही वेगळी. दुसऱ्या अटीत शंभर उभे अशोक लावूनही फारसं हाती लागत नाही, कारण त्यांचं छत्र खांबासारखं अरुंद असतं. ताड-माडांचंही तेच, आणि अनेक नियमांत त्यांना कमी श्रेय मिळतं किंवा मिळतच नाही.

नियमाची प्रत हातात आली की पहिला प्रश्न: टक्केवारी कशाची? पूर्ण भूखंडाची, की रस्तारुंदीत जाणारी पट्टी, तळं, वाहिन्यांचे राखीव पट्टे वगळून उरलेल्या क्षेत्राची? दुसरा प्रश्न: छत्र कधीचं? आजचं, दहा वर्षांनंतरचं की वीस? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या कायद्यात व्यापारी आणि औद्योगिक जागेला १० टक्के आणि एकरी दहा किंवा त्याहून कमी घरांच्या निवासी जागेला २० टक्के अशी विभागणी आहे, आणि हे छत्र वीस वर्षांनंतरचं धरलं जातं. तिथे आज लावलेल्या रोपाला त्याच्या वीस वर्षांनंतरच्या अंदाजी आकाराचं श्रेय मिळतं. दुसरीकडे दहा वर्षांचा हिशेब असेल तर तीच झाडं निम्म्याहून कमी भरू शकतात.

मग बारीक कलमं. एकमेकांत शिरलेली छत्रं एकदाच मोजायची का? शेजारच्या जागेतून आत आलेल्या फांद्या आपल्या खात्यात येतात का? राखलेल्या जुन्या झाडाला सव्वापट वा दीडपट श्रेय आहे का? लावताना रोपाची खोडजाडी किमान किती हवी, एकाच जातीची झाडं जास्तीत जास्त किती चालतात, मेलेलं झाड किती वर्षांपर्यंत बदलून द्यायचं? या प्रत्येकाचं उत्तर लिहून नकाशाच्या कोपऱ्यात ठेवा. अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा यातलं एखादं उत्तर गृहीत धरल्यामुळे.

उभ्या झाडांची पाहणी

जमिनीची मोजणी होते त्याच वेळी झाडांचीही करून घ्या. सर्व्हेअर बुंध्याचा बिंदू टाकतो आणि भोवती ठरावीक मापाचा गोल काढतो. तो गोल छत्र नव्हे. प्रत्येक झाडाला क्रमांकाचा बिल्ला लावा आणि एवढ्या नोंदी घ्या: जात, खोडाचा घेर, छत्राची रुंदी दोन दिशांना, बुंध्यापाशी जमिनीची पातळी, प्रकृती.

घेर छातीच्या उंचीवर मोजतात. ही उंची ब्रिटिश मानकात १.५ मीटर, अमेरिकेत सुमारे १.३७ मीटर असते. आपल्याला लागू असलेल्या नियमात कोणती ते पाहूनच टेप लावा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. १.८८ मीटर घेर म्हणजे ६० सेंटिमीटर व्यास. दोन ते पाच खोडं असतील तर प्रत्येक व्यासाचा वर्ग करून बेरीज घ्या आणि तिचं वर्गमूळ काढा.

छत्रासाठी एक माणूस फांदीच्या टोकाखाली बरोबर उभा राहतो, दुसरा समोरच्या टोकाखाली. दोघांत टेप धरा, मग काटकोनात पुन्हा एकदा. एक माप १४ मीटर आणि दुसरं १२ आलं तर सरासरी १३, आणि क्षेत्र ०.७८५ × १३ × १३, म्हणजे सुमारे १३३ चौरस मीटर. झाडांचा घोळका असेल तर एकेक झाड मोजून बेरीज करू नका, घोळक्याची बाहेरची कड मोजा. जागा बरीच मोठी असेल तर हवाई छायाचित्रावर यादृच्छिक बिंदू टाकून 'झाड आहे की नाही' असं मोजता येतं. आय-ट्री कॅनोपी हे मोफत साधन नेमकं हेच करतं. पण ५०० बिंदूंवर २० टक्के छत्र निघालं, तरी प्रमाणत्रुटी (अंदाज खऱ्या आकड्यापासून साधारण किती हलू शकतो ते माप) सुमारे १.८ टक्के राहते. प्राथमिक अंदाजाला ठीक, एका प्लॉटच्या अर्जाला नाही.

प्रकृतीची वर्गवारी बीएस ५८३७ या ब्रिटिश मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीसारखी केली तर वाद कमी होतात. त्यात अजून ४० वर्षं टिकतील अशी उत्तम झाडं 'अ' वर्गात, २० वर्षं टिकतील ती 'ब'त, किमान १० वर्षांची किंवा १५ सेंटिमीटरपेक्षा बारीक खोडाची 'क'मध्ये, आणि त्याहून कमी आयुष्य उरलेली वेगळी. ही वर्गवारी वृक्षतज्ज्ञाकडून करून घ्या. बाहेरून हिरवंगार दिसणारं पण बुंध्यात पोकळ आणि कुजकं झाड पार्किंगच्या मधोमध राखणं हा धोका आहे. उलट चांगली झाडं 'अडचणीची' म्हणून 'क'मध्ये ढकलली जाताना नेहमीच दिसतात. अडचण हा प्रकृतीचा निकष नाही.

मुळांचं वर्तुळ, इमारतीच्या आधी

मुळं छत्राच्या कडेपाशी थांबत नाहीत. ती बहुधा छत्राच्या त्रिज्येच्या दुप्पट-तिप्पट लांब जातात, आणि त्यांतली बहुतेक वरच्या ६० सेंटिमीटर मातीत असतात. पाणी आणि अन्न घेणारी केसासारखी बारीक मुळं तर वरच्या वीतभर थरातच दाटलेली. खोलवर गेलेल्या सोटमुळाच्या भरवशावर वरची माती खरवडली की झाड उपाशी मरतं.

राखीव वर्तुळाची त्रिज्या खोडाच्या व्यासाच्या १२ पट घेतात. आपल्या ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला ७.२ मीटर त्रिज्या, म्हणजे १६३ चौरस मीटर. ब्रिटिश मानकात याची कमाल मर्यादा १५ मीटर त्रिज्येची आहे. हे वर्तुळ कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशात, वेगळ्या लेयरवर काढा आणि आर्किटेक्टला पहिल्या दिवशी द्या.

वर्तुळाला जराही धक्का लागू नये हे आदर्श. प्रत्यक्षात लागतो, तेव्हा किती लागला ते मोजा. ऑस्ट्रेलियन मानक एएस ४९७० च्या २००९ च्या आवृत्तीत वर्तुळाच्या १० टक्क्यांपर्यंतचं अतिक्रमण किरकोळ धरलं आहे, तेही तेवढीच जागा दुसऱ्या बाजूला जोडून द्यायची या अटीवर. त्यापुढे गेलात तर झाड टिकेल हे तज्ज्ञाने दाखवून द्यावं लागतं. वर्तुळातल्या मोकळ्या जमिनीवर नवी फरसबंदी २० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं ब्रिटिश मानक सांगतं. खोडालगतचे दोन-तीन मीटर मात्र वाटाघाटीपलीकडचे. तिथली जाड मुळं झाडाला उभं धरतात. ती तोडली तर झाड वाळायची वाट पाहत नाही, वाऱ्यात आडवं होतं.

इमारतीची रेघ वर्तुळाबाहेर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. पायाच्या खड्ड्याला उतार लागतो, काम करायला बाहेरून मीटर-दीड मीटर लागतो, वर परांची असते, क्रेनचा हात फिरतो. वर्तुळाला धडकते ती ही खोदाईची रेघ, आणि ती नकाशावर कुणी काढतच नाही. दुसरा चोर म्हणजे वाहिन्या. ड्रेनेज, केबल, पाण्याची लाइन ही कामं वेगवेगळे ठेकेदार शेवटी करतात आणि चर सरळ झाडाजवळून जातो. खोडापासून मीटरभरावरून गेलेला चर त्या बाजूची जवळजवळ सगळी मुळं छाटतो. वळवणं शक्य नसेल तर उघडा चर न मारता मुळांच्या थराखालून, ९० सेंटिमीटरपेक्षा खोल, आडवं बोअर करून पाइप सरकवा.

पातळीचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित. वर्तुळात १५ सेंटिमीटर भराव टाकला तरी खालच्या मुळांचा हवेशी संबंध तुटू लागतो. भराव चिकण मातीचा असेल तर लवकरच. पातळी तेवढीच खाली घेतली तर बारीक मुळांचा थरच उचलला जातो. झाडाभोवती गोल भिंत बांधून 'विहिरीत' झाड राखल्याचे नमुने सगळीकडे दिसतात. त्यात खोड मोकळं राहतं खरं, पण मुळं विहिरीबाहेर भरावाखाली गुदमरलेली असतात. भिंत बांधायचीच तर ती वर्तुळाच्या कडेला बांधा.

हिशेब

समजा भूखंड ८,००० चौरस मीटर. रस्तारुंदीचे ५०० आणि तळ्याचे ३०० वगळले तर ७,२००. अट २० टक्के, म्हणजे १,४४० चौरस मीटर छत्र. राखलेलं एक मोठं झाड १३३ आणि पाच झाडांचा घोळका ३२०, मिळून ४५३. उरले ९८७.

नव्या झाडांना नियमाच्या तक्त्यातला आकार घ्या. इथे मोठ्या जातीला ९ मीटर (६३.६ चौ.मी.), मध्यमला ६ मीटर (२८.३) आणि लहानला ४ मीटर (१२.६) रुंदी धरू. १० मोठी, १० मध्यम आणि ८ लहान मिळून १,०२० होतात. अट पूर्ण, पण शिल्लक फक्त ३३. एक मोठं झाड मेलं की तूट. म्हणून १५ टक्के जास्तीचं लक्ष्य धरा, म्हणजे सुमारे १,१३५. मोठी १२ केली की १,१४७ होतात.

आता अंतर. ही १२ झाडं एका रांगेत ९ मीटरवर लावली तर ७६३ चौरस मीटर भरतात. जागा नाही म्हणून ६ मीटरवर लावली तर शेजारच्या प्रत्येक जोडीत सुमारे १४ चौरस मीटर एकमेकांवर चढतात. अकरा जोड्या, म्हणजे १५३ गेले, उरले ६१०. छत्र एकदाच मोजायचा नियम असेल तर आपली जवळजवळ सगळी शिल्लक इथेच संपते. भिंतीपासूनचं अंतरही बघा: ९ मीटर छत्राचं झाड भिंतीपासून ३ मीटरवर लावलं तर एका बाजूच्या फांद्या कायम छाटल्या जाणार.

छत्राला माती

हा भाग आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक लागवडीनंतर सुधारता येत नाही. प्रचलित ठोकताळा असा: छत्राच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ०.३ ते ०.६ घनमीटर मुळांना शिरता येईल अशी माती. वरचा आकडा घेतला तर ९ मीटरच्या छत्राला ३८ घनमीटर लागते. ९० सेंटिमीटर खोलीने ती पसरायला ४२ चौरस मीटर जागा हवी, म्हणजे साधारण तीन मोटारी उभ्या राहतील एवढी. पार्किंगमधला मीटर बाय मीटरचा चौकोन, एक मीटर खोल, यात येते एक घनमीटर. त्या झाडाला नकाशावर ६३.६ चौरस मीटरचं श्रेय घेणं म्हणजे शुद्ध कल्पनाविलास.

जागा कमी असेल तर सुटे चौकोन सोडून सलग पट्टा करा, म्हणजे झाडं माती वाटून घेतात. फरसबंदीखाली माती न्यायची असेल तर दोन रस्ते आहेत. खडी-मातीचं मिश्रण भार पेलतं, पण त्यात बहुतांश खडीच असते. १०० घनमीटर भरलं तर मुळांना खरी माती साधारण २० घनमीटर मिळते. प्लॅस्टिकच्या सांगाड्यांच्या पेट्यांत ९० टक्क्यांच्या आसपास जागा मातीला मिळते, मात्र खर्च जास्त. हिशेब मातीच्या आकारमानाचा करा, खड्ड्याच्या नव्हे.

आता जुन्या झाडाकडे परत बघा. त्याचे १३३ चौरस मीटर नव्याने मिळवायचे तर दोन मोठी झाडं, ७६ घनमीटर माती आणि वीस वर्षं लागतात, आणि तरीही ६ चौरस मीटर कमीच पडतात.

माती असूनही ती दाबलेली असेल तर उपयोग नाही. डंपर आणि रोलर फिरलेल्या चिकण मातीची घनता दर घनसेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेली की मुळं थांबतात. वाळूसर मातीत ही हद्द पावणेदोन ग्रॅमच्या पुढे असते. साइटवरची चाचणी सोपी: माती ओलसर असताना बोटभर जाडीची लोखंडी सळई दोन्ही हातांनी दाबा. वीतभरही शिरली नाही तर मूळही शिरणार नाही. इमारतीचं काम संपल्यावर, माती ओली चिंब नसताना, ६० सेंटिमीटरपर्यंत फोडून कंपोस्ट मिसळा. राखलेल्या झाडाच्या वर्तुळात मात्र हा नांगर चालवू नका.

काम सुरू असताना

कुंपण पहिलं यंत्र आत येण्याआधी उभं राहिलं पाहिजे. हिरवी जाळी किंवा रंगीत फीत म्हणजे कुंपण नव्हे. ती दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीला बांधलेली असते. जमिनीत ठोकलेल्या पाइपांना घट्ट बसवलेली, सुमारे दोन मीटर उंचीची लोखंडी जाळी लावा, तिला फाटक ठेवू नका आणि वर्तुळाची त्रिज्या लिहिलेली पाटी अडकवा. ठेक्यात प्रत्येक क्रमांकाच्या झाडामागे नुकसानभरपाईची रक्कम लिहिलेली असेल तर पाटी वाचली जाते.

कुंपणाच्या आत सिमेंट, डिझेल, वाळू, कामगारांच्या झोपड्या, शेकोटी काहीही नको. ट्रान्झिट मिक्सर धुतलेलं पाणी अत्यंत अल्कधर्मी असतं आणि ते उताराने कुंपणाखालून आत येतं. धुण्याची जागा उताराच्या खालच्या बाजूला ठरवा. वाहनांना वर्तुळावरून जाण्यावाचून पर्याय नसेल तर जमिनीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं मजबूत कापड), त्यावर २०-३० सेंटिमीटर लाकडाचे बारीक ढलपे, आणि वर लोखंडी पत्रे. काम संपल्यावर हे सगळं हाताने उचला.

खोदताना दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड मूळ दिसलं तर जेसीबीचा दात ते उपटतो आणि मीटरभर आतपर्यंत साल फाटते. तिथे यंत्र थांबवा, करवतीने सरळ काप घ्या आणि उघडी मुळं ओल्या गोणपाटाने झाका. पायाच्या खड्ड्यातून पाणी उपसत असाल तर आजूबाजूच्या झाडांना कोरड पडते, त्यांना आठवड्यातून एकदा खोलवर भिजवा.

मुळांना झालेली इजा लगेच दिसत नाही. झाड साठवलेल्या अन्नावर दोन-चार वर्षं काढतं. मग शेंडा वाळतो, पानं लहान होतात, खोडकिडा लागतो. तोवर पूर्णत्वाचा दाखला मिळालेला असतो आणि दोष किडीला दिला जातो.

लागवड आणि नंतर

रोपवाटिकेत पिशवी उतरवून मुळं बघा. पिशवीच्या कडेने गोल फिरलेली मुळं तशीच लावली तर पंधरा वर्षांनी तीच खोडाला फास घालतात. फिरलेली मुळं उभे काप देऊन मोकळी करा. जाड मुळांचाच वेढा बसला असेल तर रोप परत करा. बुंधा जिथे रुंदावून मुळं फुटतात ती जागा अनेकदा पिशवीतल्या मातीत बोट-दोन बोटं गाडलेली असते. ती उकरून शोधा. लावल्यावर तीच जागा जमिनीच्या पातळीला आली पाहिजे.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीनपट रुंद, पण खोल गोळ्याएवढाच. जास्त खोल खणून माती परत भरली की ती बसते आणि रोप खाली जातं. तळाला खडीचा थर निचरा वाढवत नाही, पाणी उलट वरच्या मातीतच अडकतं. निचऱ्याची शंका असेल तर ४५ सेंटिमीटर खोल खड्डा एकदा पाण्याने भरून रिकामा होऊ द्या, पुन्हा भरा आणि पाणी किती उतरतं ते बघा. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर जात बदला किंवा जागा.

मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन पाच ते दहा सेंटिमीटर, खोडापासून वीतभर सोडून. खोडाला टेकलेला ढीग साल कुजवतो. टेकूची काठी सैल, रुंद पट्टीने बांधा आणि वर्षभराने काढा. पाणी खोडाच्या दर सेंटिमीटर जाडीला आठवड्याला साधारण १५ लिटर धरा, पण आधी मातीत बोट घालून ओल तपासा, कारण नवी झाडं तहानेइतकीच सततच्या दलदलीनेही मरतात. हे पाणी दोन ते तीन वर्षं द्यावं लागतं. तेव्हा ठेकेदाराची देखभालीची मुदत एक वर्षाची ठेवून बाकीचं काम सोसायटीवर सोडलं असेल, तर पाण्याची लाइन आणि नळाचं तोंड प्रत्येक पट्ट्यापाशी आधीच काढून ठेवा.

दर वर्षी एकाच महिन्यात क्रमांकानुसार घेर आणि छत्र मोजा. घेर दोन वर्षं हलला नाही तर आधी सळई घेऊन माती तपासा, मग बुंध्याची पातळी, मग पाणी. खताची गोणी त्यानंतर.